ट्रेलरच्या कडेची ॲल्युमिनिअम पट्टी : अक्कलकोट रस्त्यावरील एका कार्यशाळेविषयी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात, दोन गाळ्यांची एक कार्यशाळा आहे. तिच्या दारावर पाटी नाही. मी घरी बांधलेल्या कॅम्पिंग ट्रेलरच्या कडांना लागणारे ॲल्युमिनिअमचे चार अँगल, म्हणजे काटकोनी पट्ट्या, तेथून वाकवून घेतले, त्यांच्या वळणावळीचे ३,००० रुपये दिले आणि एक उन्हाळा व एक पावसाळा पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. कार्यशाळेचे नाव देऊ नये, अशी मालकांची इच्छा आहे, कारण एकेक नग घेऊन येणारी हौशी माणसे वाढली की यंत्रमागांच्या सुट्या भागांची नेहमीची कामे मागे पडतात आणि तीच कामे त्यांचे घर चालवतात. वसाहतीतल्या कोणत्याही चादर कारखान्यात ‘अँगल वाकवणारे मामा’ असे विचारले तर पत्ता मिळतो; मलाही तो तसाच मिळाला.

प्रथम ट्रेलरविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी ही लाकडी पेटी बाजूने पाहिल्यास आडव्या पडलेल्या थेंबासारखी दिसते. पुढच्या भागात दोन माणसांना झोपण्यापुरती जागा आहे, मागे वर उचलायचे झाकण आहे आणि त्याखाली शेगडी, डबे व पाण्याचा कॅन बसतो. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून लोक असे ट्रेलर घरी बांधत आले आहेत. मला नळदुर्ग आणि उजनीच्या पलीकडे फारसे जायचे नसले तरी हौस तीच आहे. सांगाडा मात्र मी उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्यांकडून करून घेतला, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते आणि रस्त्यावर धावणाऱ्या वस्तूच्या वेल्डिंगमध्ये माझ्या हौसेवर विसंबणे मला योग्य वाटले नाही. बाजूच्या भिंती १८ मिमी जाडीच्या मरीन प्लायच्या आहेत आणि छतावर एक मिमी जाडीचा ॲल्युमिनिअमचा पत्रा आहे.

हा पत्रा आणि प्लायची कड जेथे एकत्र येतात, तो सांधा संपूर्ण ट्रेलरमधील सर्वांत नाजूक जागा असतो. प्लाय कितीही चांगला घेतला तरी त्याची कापलेली कड पाणी पिते आणि एकदा पाणी पिऊ लागली की वर्षा-दोन वर्षांत थर सुटू लागतात. म्हणून त्या सांध्यावर पुढच्या तळापासून मागच्या तळापर्यंत एक इंची अँगल बसवतात. त्याची एक पट्टी छतावर आडवी टेकते आणि दुसरी भिंतीवर उभी उतरते. माझ्या ट्रेलरमध्ये मागचे झाकण उघडत असल्यामुळे बिजागरीपाशी हा अँगल तोडावा लागतो. परिणामी प्रत्येक बाजूला सुमारे साडेनऊ फुटांचा एक पुढचा तुकडा आणि साडेपाच फुटांचा एक झाकणाचा तुकडा, असे एकूण चार तुकडे लागले. पुढच्या तुकड्यात २२ इंच त्रिज्येचे मोठे वळण आहे. झाकणाच्या तुकड्यात अगदी खाली, जेथे पेटी आत वळते, तेथे केवळ ८ इंच त्रिज्येचे वळण आहे.

सरळ अँगल सरळ कडेवर कोणीही बसवील. खरी अडचण गोलाईची आहे. छतावरची आडवी पट्टी पिंपाला पत्र्याची पट्टी गुंडाळावी तशी वळणावर सहज बसते. भिंतीवरच्या उभ्या पट्टीला मात्र तिच्या रुंदीच्या अंगाने वाकावे लागते आणि तेथे भूमिती आडवी येते. एक इंची पट्टी काटकोनात वळवली की तिच्या बाहेरच्या व आतल्या कडेच्या लांबीत सुमारे ४० मिमीचा फरक पडतो; त्रिज्या मोठी असो वा लहान, काटकोन पूर्ण झाला की फरक तेवढाच राहतो. २२ इंच त्रिज्येच्या वळणात हे ४० मिमी साधारण ८८० मिमी लांबीवर वाटले जातात, तर ८ इंच त्रिज्येच्या वळणात ते अवघ्या ३२० मिमीत मुरवावे लागतात. आतल्या कडेचा तेवढा जादा धातू दाबला जाऊन जाड झाला तर काम साधले. तो दाबला गेला नाही तर पट्टीला शिवणकामातल्यासारख्या चुण्या पडतात. हे सर्व मला आता नीट समजते. पहिल्या वेळी समजत नव्हते, म्हणून पहिली वेळ वाया गेली.

ती पहिली वेळ दुसऱ्या एका ठिकाणची आहे. शहरात ॲल्युमिनिअमच्या खिडक्या व दुकानांच्या दर्शनी भागाची कामे करणाऱ्या एका दुकानात मी हाताने काढलेले चित्र घेऊन गेलो. चित्रावर त्रिज्यांचे आकडे होते. काउंटरवरील गृहस्थांनी चित्राकडे अर्धा मिनिट पाहिले, ‘होऊन जाईल, परवा या’ असे सांगितले आणि त्यांच्याकडचाच सोनेरी ॲनोडाइज्ड, दीड मिमी जाडीचा अँगल घ्यायला लावला. तिसऱ्या दिवशी मिळालेल्या तुकड्यांचे मोठे वळण लांबून बरे दिसत होते, पण उभ्या पट्टीवर दर चार-पाच इंचांवर एक चुणी होती आणि उन्हात धरल्यावर सोनेरी पृष्ठभागभर केसासारख्या बारीक चिरांचे जाळे दिसत होते. झाकणाचे छोटे वळण तर त्यांनी उभ्या पट्टीत करवतीने पाचरीसारखे सहा काप घेऊन वळवले होते. ज्या पट्टीने पाणी अडवायचे तिलाच सहा खिडक्या पाडल्या गेल्या होत्या. वळवण्याचे १,४०० रुपये आणि साहित्याचे पैसे देऊन मी परत आलो. त्या दुकानाविषयी माझा राग नाही; खिडक्यांच्या चौकटी ते उत्तम करतात, हे मी शेजारच्या इमारतीत पाहतो. खिडकीला वळण नसते, एवढाच फरक आहे.

ॲनोडाइज्ड पृष्ठभागाविषयी मात्र येथेच सांगून ठेवतो, कारण ही चूक मी स्वतः हमखास पुन्हा केली असती. ॲनोडायझिंगने धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा एक कठीण थर तयार होतो. खालचा धातू ताणला जातो; वरचा थर काचेच्या जातीचा असल्यामुळे ताणला न जाता तडकतो. म्हणून वळवायचा अँगल कोराच घ्यावा आणि रंग, ॲनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग जे काही करायचे ते वळवून झाल्यावर करावे.

मामांच्या कार्यशाळेत मी गेलो तो डिसेंबरातला दिवस होता. आतल्या गाळ्यात जुने लेथ मशीन, त्याच्या शेजारी यंत्रमागाच्या बीमचे दांडे आणि दारालगत तीन रोलचे हाताने फिरवायचे यंत्र होते. ग्रिलच्या कमानींच्या पट्ट्या आणि मंडपांच्या कमानींचे पाइप ते त्यावर वळवतात. मामा साठीच्या पुढचे आहेत. घरात तेलुगू, कामगारांशी हिंदी आणि माझ्याशी मराठी, असे त्यांचे बोलणे एकाच वाक्यात तीन वळणे घेते. मी चित्र पुढे केले, तर त्यांनी ते न पाहताच बाजूला ठेवले.

“फर्मा आणलाय का सर?”

फर्मा, म्हणजे भिंतीची कड उतरवून कापलेला नमुना, माझ्याकडे नव्हता. सर्व आकडे चित्रात आहेत, मोठे वळण बावीस इंचांचे आहे, असे मी सांगितले.

“बावीस तुम्ही म्हणता. पण तुमची भिंत बावीसच हाय कशावरनं?”

मला हा प्रश्न थोडा उद्धट वाटला, पण घरी जाऊन मी सहा मिमी प्लायचे तुकडे दोन्ही भिंतींना लावून पेन्सिलीने कड उतरवून घेतली, तेव्हा उजवी आणि डावी बाजू मागच्या उतारावर चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, वेगळी निघाली. जिगसॉने कापताना पाते एका बाजूला कलले असणार. चित्रावरून चारही तुकडे वळवले असते, तर दोन तुकडे भिंतीवर बसवताना ओढाताण झाली असती आणि तो ताण आयुष्यभर स्क्रूंवर राहिला असता. मी दोन्ही फर्मे कापले, कानसेने कडा साफ केल्या, त्यांवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पुढच्या शनिवारी घेऊन गेलो. मामांनी फर्मा भिंतीला उभा करून डोळ्याने कड न्याहाळली, एका ठिकाणी बोट ठेवून ‘इथं पोट आलंय’ असे सांगितले आणि ते खरेच होते.

साहित्य त्यांनी मलाच आणायला सांगितले आणि काय आणायचे तेही नेमके सांगितले: ६०६३ जातीचा, रंग न दिलेला, एक इंची, दीडऐवजी दोन मिमी जाडीचा अँगल. मॅग्नेशिअम व सिलिकॉन मिसळलेली ही ६०६३ जात खिडक्या-दारांच्या बहुतेक सेक्शनमध्ये वापरली जाते आणि ती बाजारात येते ती उष्णतेच्या प्रक्रियेने कडक करूनच. जाडी वाढवण्यामागचे कारण असे की, पातळ पट्टी दाबाखाली लगेच दुमडते आणि जाड पट्टी दाब सोसून घेते. पुढच्या तुकड्यांसाठी बारा फुटी दोन आणि झाकणाच्या दोन तुकड्यांसाठी मिळून सोळा फुटी एक, अशा तीन लांब्या घेतल्या. एकूण वजन सव्वातीन किलोच्या आत भरले. लागणाऱ्या लांबीपेक्षा इतके जास्त का घ्यायचे, हा प्रश्न कोणालाही पडेल. तीन रोलच्या यंत्रात खालचे दोन रोल आणि वरचा एक रोल यांच्यामध्ये पट्टी दाबली जाते, त्यामुळे पट्टीची दोन्ही टोके शेवटच्या काही इंचांत सरळच राहतात. ती टोके कापून टाकावी लागतात. मामा प्रत्येक टोकाला आठ इंच जादा मागतात आणि ते योग्य आहे.

पुढचे दोन तुकडे वळवताना मी तेथे उभा होतो. रोलवर लेथवर कातलेल्या पोलादी कड्या चढवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये अँगलची उभी पट्टी जेमतेम शिरेल एवढी खाच होती. त्या पट्टीला खाचेत डावीकडे-उजवीकडे हलायला जागाच नसल्यामुळे ती चुणी पाडू पाहते, पण पाडू शकत नाही. मामा वरचा रोल एका वेळी पाव फेरा एवढाच खाली आणत होते. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, परत आणली, पुन्हा पाव फेरा. माझ्या मोजणीप्रमाणे एका तुकड्याला अकरा फेऱ्या लागल्या. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पट्टी काढून जमिनीवर ठेवलेल्या फर्म्यावर लावून पाहत आणि जेथे फट दिसे तेथे खडूने खूण करत. पुढच्या फेरीत तेवढ्याच लांबीत दाब वाढवला जाई. यंत्राचे चाक फिरवणारा मुलगा घाई करू लागला की मामा फक्त हात वर करत आणि चाक थांबे.

ॲल्युमिनिअम वाकवून सोडले की थोडे परत उलगडते, हे मला ऐकून माहीत होते. किती उलगडते, याची मात्र कल्पना नव्हती. पोलादाच्या तुलनेत ॲल्युमिनिअमचा ताठपणा जवळपास एक तृतीयांश असल्यामुळे सारख्याच ताणाला ते अधिक मागे येते. २२ इंचांचे वळण मिळवण्यासाठी मामांनी पट्टी दाबाखाली १९ इंचांपर्यंत आणली आणि सोडल्यावर ती फर्म्यावर येऊन बसली. हा अंदाज त्यांनी कागदावर मांडला नव्हता. आधी त्याच लांबीच्या टाकाऊ टोकावर एक चाचणी केली होती आणि ती मोजली होती.

खरी कसोटी झाकणाच्या तुकड्यांची होती. तेथे ८ इंच त्रिज्येवर आतली कड नऊ टक्क्यांच्या आसपास दाबली जाते आणि कडक केलेला धातू तेवढे सहन करत नाही. मामांनी तो भाग प्रथम नरम केला आणि माझ्या मते या कार्यशाळेचे मोल या एका कृतीत आहे. ॲल्युमिनिअम तापवण्यातला धोका असा की, लोखंडासारखे ते लाल होऊन इशारा देत नाही. नरम होण्यासाठी चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान पुरते, सहाशेच्या थोडे पुढे ही जात वितळू लागते आणि या दोन्हींच्या मध्ये डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. मामांनी कपडे धुण्याच्या साबणाची वडी घेतली, वळणाच्या भागावर तिच्या बोटभर रुंद रेघा ओढल्या आणि गॅसच्या टॉर्चची ज्योत पट्टीच्या मागच्या बाजूने सारखी फिरवत ठेवली. साबण आधी पिवळा झाला, मग तपकिरी झाला, त्याला जळक्या तेलासारखा वास आला आणि जेथे तो काळा पडला तेथून ज्योत लगेच पुढे सरकली. साबण नसेल तर ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने काजळी धरायची आणि ती उडून जाईपर्यंत तापवायचे, हा दुसरा मार्गही त्यांनी सांगितला.

आता गरम पट्टी वाकवणार, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. पट्टी तापवली ती केवळ नरम करण्यासाठी. नंतर ती बाकावर पूर्ण थंड होऊ दिली, तोवर आमचा चहा झाला आणि मग ती थंडच वाकवली. त्यासाठी त्यांनी पावणेआठ इंच त्रिज्येचा जाड लाकडी साचा केला होता. साच्याच्या वरच्या बाजूला पोलादी पत्र्याची एक चकती क्लॅम्पने आवळली, पण दोघांमध्ये दोन मिमीपेक्षा किंचित जास्त फट ठेवली. अँगलची उभी पट्टी त्या फटीत सरकवली आणि लाकडी मोगरीने आडव्या पट्टीवर हलके ठोके देत अँगल साच्याभोवती आणला. ठोके मोजके, एकमेकांच्या शेजारी आणि नेहमी टोकाकडे सरकत जाणारे होते. अर्ध्या वळणावर धातू पुन्हा कडक झाल्याचे त्यांच्या हाताला जाणवले, कारण मोगरीचा आवाज बदलला. मग पुन्हा साबण, पुन्हा ज्योत, पुन्हा थंड होण्याची वाट. चकती काढल्यावर उभी पट्टी आत किंचित जाड झालेली बोटाला लागत होती, पण चुणी एकही नव्हती. आधीच्या दुकानातला सहा कापांचा तुकडा मी बरोबर नेला होता. मामांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि काही न बोलता भंगाराच्या पेटीत टाकला.

आता उणिवांविषयी, कारण त्याही आहेत. पहिली उणीव वेळेची. काम पंधरा दिवसांत देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले. त्यातला एक आठवडा मी तक्रारीत धरत नाही, कारण तो सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा होता आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सोलापुरात कोणी अँगल वाकवत बसणार नाही. उरलेला उशीर मात्र केवळ यंत्रमागाचे काम मध्ये घुसल्यामुळे झाला आणि तो मला फोनवर कळवता आला असता. फोन उचलला जात नाही. प्रत्यक्ष जावे लागते. दुसरी उणीव म्हणजे रोलच्या पोलादी कड्यांचे ओरखडे. मोठ्या तुकड्यांच्या उभ्या पट्टीवर लांबीच्या दिशेने दोन अस्पष्ट रेघा उमटल्या होत्या. मी त्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून बहुतेक घालवल्या, तरी तिरप्या उन्हात त्या अजून दिसतात. कड्या नायलॉनच्या असत्या तर हा प्रश्न आला नसता. मामांनीही हे मान्य केले. तिसरी गोष्ट अशी की, झाकणाचा डावा तुकडा पहिल्या प्रयत्नात बिघडला. तापवताना कामगार मुलाने ज्योत एका जागी क्षणभर जास्त ठेवली आणि कड मेणासारखी खचली. तो तुकडा मामांनी स्वतःच्या खर्चाने साहित्य आणून पुन्हा केला, म्हणून मी तो दोष न मानता नोंद म्हणून लिहितो. मात्र ज्यांना घरी हा प्रयोग करायचा आहे त्यांनी ही नोंद विसरू नये.

पक्के बिल मिळत नाही, चिठ्ठी मिळते. मोठ्या दोन तुकड्यांचे प्रत्येकी ६०० आणि तापवून वळवलेल्या दोन तुकड्यांचे प्रत्येकी ९०० रुपये, असा हिशेब त्या चिठ्ठीवर आहे. एका झाकणाच्या तुकड्यावर दोन माणसांचा अर्धा दिवस गेलेला पाहिल्यावर हा दर मला कमीच वाटला.

बसवण्याचे काम माझे होते आणि त्यातली मोठी चूकही माझीच. भोके वळवल्यानंतर पाडायची, एवढे मामांनी बजावले होते, कारण आधी पाडलेले भोक वळणात लंबगोल होते आणि चीर गेली तर तेथूनच जाते. त्याप्रमाणे मी दर सहा इंचांवर भोके पाडून ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी अँगल आवळले. सांध्यात सिलिकॉन न भरता ब्यूटाइल टेप लावली. सिलिकॉनच्या ज्या नळीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातले आम्ल ॲल्युमिनिअमला खाते. शिवाय टेप कायम मऊ राहते आणि पुढे कधी अँगल काढायचा झाला तर तो काढता येतो. ही टेप हार्डवेअरच्या चार दुकानांत मिळाली नाही, शेवटी गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडे मिळाली.

मे महिन्यात ट्रेलर आठवडाभर अंगणात उघड्यावर उभा होता. एका दुपारी पुढच्या अँगलमध्ये बिजागरीजवळच्या दोन स्क्रूंच्या मधोमध फुगवटा आलेला दिसला. नख शिरेल एवढी फट पडली होती आणि हात लावला तर चटका बसत होता. क्षणभर मला मामांचीच शंका आली. नंतर कागद घेऊन बसलो. ॲल्युमिनिअम दर अंशाला, दर मीटरमागे ०.०२३ मिमी वाढते. जानेवारीतल्या सकाळी मी स्क्रू आवळले तेव्हा पट्टी फार तर पंधरा अंशांवर असेल. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात ती पासष्टपर्यंत सहज जाते. साडेनऊ फुटांच्या पट्टीत ही वाढ तीन मिमीहून थोडी अधिक भरते, खालचा प्लाय जवळजवळ वाढत नाही आणि माझी भोके स्क्रूला घट्ट बसणारी होती. पट्टीला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती वर आली. मी प्रत्येक पट्टीचा मधला स्क्रू घट्ट ठेवून बाकीची भोके गोल कानसेने लांबीच्या दिशेने दोन-दोन मिमी वाढवली, स्क्रू हाताच्या बेताने आवळले आणि बिजागरीपाशी चार मिमीची फट सोडली. त्यानंतर फुगवटा आला नाही. मामांना ही हकिकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “मंडपाची कमान उन्हात कुरकुरते, ते ह्येच की.”

पावसाळ्यात मी प्रत्येक मोठ्या सरीनंतर आतून टॉर्च लावून सांधे पाहिले. सप्टेंबरात एका रात्री पाऊस थांबता थांबेना, तेव्हा दारावरच्या कोपऱ्यातून पाणी आले, पण ते दाराच्या रबरातून होते. छताच्या चारही अँगलखालचा प्लाय कोरडा होता. वळणाच्या जागी, जेथे नरम केलेला धातू इतर भागापेक्षा कमकुवत असतो, तेथे मी गोट्याएवढा एक पोचा स्वतःच्या हाताने पाडला आहे. झाकण उघडे असताना गॅसचे सिलिंडर उतरवत होतो आणि ते त्या कडेला टेकले. नरम भाग पुन्हा कारखान्यातल्यासारखा कडक होत नाही, याची जाणीव ठेवून त्या कोपऱ्याशी वागावे लागते.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी शनिवारी सकाळी जावे. दुपारनंतर गाळ्यात यंत्रमागवाल्यांची गर्दी असते. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फर्मे न्यावेत, कोरा अँगल न्यावा, चाचणीसाठी दोन फुटांचा एक जादा तुकडा न्यावा आणि महिनाभराची सवड हाताशी ठेवावी. माझ्या ट्रेलरच्या दोन दारांना लागणाऱ्या कडा अजून बाकी आहेत. त्यांच्या कोपऱ्यांची त्रिज्या चारच इंच आहे. मामांनी फर्मा पाहिला, एक इंची अँगल तेथे वळणार नाही असे स्पष्ट सांगितले आणि अर्ध्या इंचाचा आणायला सांगितला आहे. तो मी घेऊन ठेवला आहे आणि वळून आला की चारही जुन्या तुकड्यांसह पावडर कोटिंगला देणार आहे.